टेक्सासमध्ये गाइडबरोबर रात्रीच्या कायोटी-शिकारीला जावे का?

डॅलसकर :

नमस्कार. मी डॅलसजवळ राहतो आणि एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. माझ्या कार्यालयातील दोघे सहकारी दर हिवाळ्यात पश्चिम टेक्सासात, सॅन अँजेलोच्या परिसरात, कायोटीच्या (कोल्ह्या-लांडग्याच्या कुळातील, लांडग्याहून लहान रानटी प्राणी) शिकारीला जातात आणि येत्या जानेवारीत मीही सोबत यावे असा त्यांचा आग्रह आहे. शिकार रात्रीची असते. एक गाइड आपल्या गाडीतून तीन-चार रँचवर, म्हणजे जनावरे पाळण्याच्या मोठ्या खासगी कुरणांवर, नेतो, जखमी सशाचा आवाज काढणारे यंत्र माळावर ठेवतो, आणि कायोटी पुढे आला की उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणीतून नेम धरायचा, असे त्यांनी वर्णन केले. रायफल, दुर्बीण, तिवई हे सर्व गाइडचेच असते. माझ्याजवळ बंदूक नाही आणि विकत घेण्याचा विचारही नाही.

आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द गुन्ह्याच्या बातमीतच वाचायला मिळतो, त्यामुळे या विषयातले माझे ज्ञान शून्य आहे. म्हणून येथील जाणकारांना तीन गोष्टी विचारतो. माझ्यासारख्या व्हिसाधारकाने दुसऱ्याची रायफल हातात घेतली तर ते कायदेशीर ठरते का? प्रत्यक्ष त्या रात्री काय घडते, आणि गाइड चांगला आहे की नाही हे नवख्या माणसाने कसे ओळखावे? आणि तिसरे, जे प्राणी खायचे नाहीत ते मारण्यात अर्थ आहे का? त्या सुमारास माझे वडीलही पर्यटक व्हिसावर येथे असतील. त्यांचे वय सत्तरीच्या पुढे आहे आणि 'मीही येतो' असे ते म्हणत आहेत, त्यांच्याविषयीही सांगावे.

पश्चिमवारा :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते नीट जुळले नाही तर बाकीच्या दोन प्रश्नांना काही अर्थ उरत नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार बिगर-स्थलांतरित व्हिसावर आलेल्या माणसाला, म्हणजे एच-१बी, एल-१, एफ-१, बी-२ (पर्यटक) अशा कोणालाही, बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. बंदूक दुसऱ्याच्या मालकीची असली, तुम्ही ती गाइडच्या देखरेखीखाली पाचच मिनिटे धरली, तरीही मनाई लागू होते. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक चालवण्यालाही हेच लागू आहे, आणि आपल्यातील कितीतरी मंडळी हे न जाणता वाढदिवस साजरा करायला रेंजवर जातात, हे मी डोळ्यांनी पाहतो. ग्रीनकार्डधारकांना ही मनाई नाही.

या मनाईला जे थोडे अपवाद आहेत, त्यांपैकी तुमच्या उपयोगाचा एक आहे. अमेरिकेतील कोणत्याही राज्याचा मुदतीत असलेला शिकार-परवाना तुमच्याजवळ असेल, तर मनाई लागू राहत नाही. परवाना संपला की अपवादही संपला. येथे एक खड्डा आहे आणि त्यात माणसे पडतात. टेक्सासने २०१९ पासून खासगी जमिनीवर मालकाच्या संमतीने रानडुकरे मारण्यासाठी शिकार-परवान्याची अट काढून टाकली आहे. त्यामुळे काही गाइड प्रामाणिकपणे सांगतात की, 'डुकरांसाठी परवाना लागत नाही, तुम्ही नुसते या.' राज्याच्या दृष्टीने ते खरे आहे, पण तुमच्या बाबतीत तो परवाना राज्यासाठी नसून केंद्रीय कायद्याच्या अपवादासाठी लागतो, आणि गाइडला ते ठाऊक असण्याचे काही कारण नाही. कायोटीच्या फेरीत डुकरांचा कळप समोर येणे नेहमीचेच असल्यामुळे हा प्रश्न तुमच्यापुढे उभा राहणारच, म्हणून परवाना खिशात असल्याशिवाय रायफलीला हातच लावू नका. ही मनाई मोडल्याबद्दलच्या शिक्षेची कमाल मर्यादा २०२२ साली दहा वर्षांवरून पंधरा वर्षे केली गेली, आणि बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या परदेशी नागरिकाला देशाबाहेर काढता येते. ग्रीनकार्डच्या रांगेत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या माणसाने एका रात्रीच्या हौसेसाठी एवढा धोका पत्करण्याचे कारण नाही, विशेषतः तो धोका काही डॉलरच्या परवान्याने टळत असताना.

परवाना मिळवणे सोपे आहे. तुम्ही टेक्सासात सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहत असाल तर रहिवासी दराने, म्हणजे २५ डॉलरला, तो मिळतो. परवान्याचे वर्ष १ सप्टेंबरला सुरू होऊन ३१ ऑगस्टला संपते. २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. सतरा वर्षांवरील व्यक्तीला तो संपूर्णपणे ऑनलाइन करता येतो. एकदाच मिळणारी सवलत घेऊन तो पुढे ढकलताही येतो, पण ती सवलत घेऊ नये असे माझे मत आहे, कारण आयुष्यात कधी बंदूक न धरलेल्या माणसाला त्यात शिकवलेल्या गोष्टींचीच सर्वाधिक गरज असते.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत गंमत अशी की, त्यांचा जन्म १९७१ पूर्वीचा असल्यामुळे त्यांना हा अभ्यासक्रम लागूच नाही. कायोटीसाठी चालणारा अनिवासींचा पाच दिवसांचा परवाना ४८ डॉलरला मिळतो. परंतु ते केवळ पाहायला येणार असतील तर परवान्याची गरज नाही. अट एवढीच की कोणीही प्रेमाने 'काका, एकदा धरून बघा' म्हटले तरी रायफल त्यांच्या हातात जाता कामा नये. छायाचित्रापुरतीसुद्धा नाही.

आता गाइडविषयी थोडे. मासेमारीच्या गाइडला टेक्सासात राज्याचा परवाना काढावा लागतो, शिकारीच्या गाइडला तसा लागत नाही, त्यामुळे ज्याच्याजवळ गाडी आणि थर्मल दुर्बीण आहे तो गाइड होऊ शकतो. राज्याची सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे, तेव्हा ज्या ज्या रँचवर नेणार त्यांच्या मालकांची संमती आहे का, हे सरळ विचारा आणि शक्य तर लेखी पाहा. सार्वजनिक रस्त्यावरून गोळी झाडणे हा गुन्हा आहे, आणि शेजाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गोळी त्याच्या हद्दीत जाऊ देणे हाही गुन्हा आहे, त्यामुळे रँचची कुंपणे कुठे आहेत हे अंधारातही ज्याला तोंडपाठ आहे असाच माणूस हवा. रात्री शिकारीला निघण्यापूर्वी तालुक्याच्या गेम वॉर्डनला, म्हणजे शिकारीच्या नियमांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कळवणे बंधनकारक नाही, पण उद्यान व वन्यजीव खाते तशी विनंती करते. चांगले गाइड न चुकता फोन करतात, कारण रात्री दोन वाजता माळावर गोळीचा आवाज झाला की कोणीतरी वॉर्डनला उठवतोच. मी वकील नाही. तुमच्या कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाकडून वरील गोष्टींना ईमेलने दुजोरा घ्यावा.

पशुवैद्य_टेक्सास :

पश्चिमवारा यांनी कायद्याची बाजू मांडली आहे, मी प्रत्यक्ष रात्रीविषयी लिहिते. मी याच भागात जनावरांची डॉक्टर आहे, शेळ्या-मेंढ्यांच्या रँचवर माझे जाणे-येणे असते, आणि गाइड व मालक दोघांच्याही सोबत मी अशा फेऱ्यांना गेले आहे. स्वतः गोळी झाडत नाही, पण दुर्बिणीतून पाहण्याचे काम आवडीने करते.

हा भाग एडवर्ड्स पठाराच्या कडेचा आहे. शेळ्या-मेंढ्यांच्या संख्येत टेक्सास देशात पहिले आहे आणि त्यांचा मोठा वाटा या पठारावर आहे. जमीन मुरमाड, मेस्किटच्या काटेरी झुडपांची आणि निवडुंगाची. मेस्किट म्हणजे आपल्याकडे फोफावलेल्या वेड्या बाभळीची जवळची नातेवाईक, तेव्हा सोलापूरकडच्या माणसाला दिवसा हे रान फारसे परके वाटणार नाही. काटे बुटाच्या तळव्यातून आत शिरतात, म्हणून जाड तळव्याचे उंच बूट घाला. जानेवारीच्या रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरते आणि तुम्हाला हालचाल न करता बसायचे असते. चालताना सळसळणारी नायलॉनची जाकिटे नकोत, लोकर किंवा मऊ सुती कापड चांगले.

प्रत्येक थांब्याला गाइड वाऱ्याची दिशा पाहून बसण्याची जागा ठरवतो. आवाजाचे यंत्र तो तुमच्यापासून पन्नास-शंभर पावलांवर ठेवतो आणि रिमोटने चालवतो. कायोटी आवाजाकडे सरळ धावत येईल असे वाटते, पण अनुभवी जनावर बहुधा वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाते आणि तेथून वास घेऊन खात्री करून घेते. म्हणून मोकळी जागा वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहील अशी बैठक निवडतात. गाइड सतत मान फिरवून थर्मल दुर्बिणीने चारी बाजू न्याहाळत असतो. जानेवारी-फेब्रुवारी हा त्यांच्या समागमाचा काळ असल्यामुळे सशाच्या किंकाळीपेक्षा दुसऱ्या कायोटीचे ओरडणे अधिक परिणाम करते, आपल्या हद्दीत कोण आले हे पाहायला जोडी बाहेर येते. पंधरा-वीस मिनिटांत काही आले नाही तर सामान उचलायचे आणि मैल-दोन मैलांवर पुढचा थांबा घ्यायचा. रात्रभरात अनेक थांबे होतात आणि त्यांतील बहुतेक रिकामे जातात. तुमचे सहकारी हे सांगायला विसरले असतील.

आता ज्या गोष्टीवर मला खरोखर भर द्यायचा आहे तिच्याकडे येते. थर्मल दुर्बीण प्रकाश पाहत नाही, उष्णता पाहते. त्यामुळे चांदणे असो वा अमावस्या, तिला फरक पडत नाही. उलट गाडीच्या काचेतून तिला काहीच दिसत नाही, दाट धुक्यात ती आंधळी होते, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी दगडधोंडे तापलेले असताना सारेच चमकते. हिवाळ्यातील कोरडी थंड रात्र तिच्यासाठी उत्तम. पण तिची शक्ती हीच तिची फसवणूक आहे. आठशे यार्डांवर काहीतरी उष्ण आणि जिवंत आहे हे ती सहज दाखवते. ते काय आहे हे मात्र दीडशे-दोनशे यार्डांच्या आत आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि साध्या प्रतीच्या थर्मल दुर्बिणीत त्याहूनही जवळ यावे लागते. रंग दिसत नाही, गळ्यातला पट्टा दिसत नाही, अंगावरचे ठिपके दिसत नाहीत. दिसतो तो पांढरा आकार आणि त्याची चाल. कायोटी सहसा शेपूट खाली ठेवून हलक्या दुडक्या चालीने येतो. कुत्रा बहुतेक वेळा शेपूट वर ठेवतो. हरणाचे पाडस आणि लहान वासरू यांची मान व पाय वेगळे असतात, पण ते गवतात बसले असतील तर तेही कळत नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार रात्री करणे टेक्सासात गुन्हा आहे, तेव्हा अशी चूक केवळ लाजिरवाणी राहत नाही.

सर्वांत मोठा धोका राखणदार कुत्र्यांचा. येथील मेंढपाळ ग्रेट पिरेनीजसारखी मोठी पांढरी कुत्री कळपातच वाढवतात आणि रात्री कळपाबरोबरच ठेवतात. कायोटीचे ओरडणे किंवा करडाची किंकाळी ऐकली की हे कुत्रे आपले कर्तव्य म्हणून थेट आवाजाच्या यंत्राकडे धावत येतात. म्हणजे तुम्ही ज्याला बोलावत आहात त्याच्याही आधी ते येतात, आणि शेजारच्या रँचवरूनही येतात. अशी गोळी लागलेली कुत्री माझ्या टेबलावर आली आहेत. म्हणून गाइडला विचारायचा माझा पहिला प्रश्न असतो : या रँचवर आणि शेजारी राखणदार कुत्री किती, आणि आज रात्री ती कुठे आहेत? ज्याला उत्तर देता येत नाही त्याच्या गाडीत मी बसत नाही.

पुढे कधी तुम्ही राज्याच्या दक्षिण टोकाला, रिओ ग्रांदेच्या मुखाकडे गेलात, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. तेथे ओसेलॉट हे ठिपक्यांचे रानमांजर अजून तग धरून आहे. अमेरिकेत त्यांची संख्या शंभराच्या आत आहे असे मानले जाते. थर्मलमध्ये ते बॉबकॅट या दुसऱ्या रानमांजरासारखेच दिसते, फक्त बॉबकॅटची शेपूट आखूड आणि याची लांब. शेपूट दिसली नाही तर रायफल खाली, हा तेथला नियम.

मेलेल्या जनावराला उघड्या हाताने स्पर्श करू नका. १९८८ पासून दक्षिण टेक्सासातील कायोटींमध्ये कुत्र्यांच्या रेबीजची मोठी साथ पसरली होती आणि ती आवरण्यासाठी १९९५ पासून विमानातून लस भरलेली आमिषे टाकण्यात आली. तो उपाय इतका यशस्वी झाला की २००७ साली हा देश कुत्र्यांच्या रेबीजपासून मुक्त जाहीर झाला. पण स्कंक आणि वटवाघळांचा रेबीज अजून आहे, शिवाय खरूज आणि पिसवा आहेतच. हातमोजे घाला.

इंदापूरकर :

वरची चर्चा माहितीपूर्ण आहे, परंतु तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो. आमच्या घरी मेंढ्या आहेत. लांडगा वर्षाकाठी दोन-चार कोकरे नेतो, त्याचा राग येतो, वनखात्याकडे पंचनामा करून भरपाई मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत चपला झिजतात. तरीही वाड्यावर राखण बसायची ती लांडग्याला पळवून लावायला, आणि ज्याचे नुकसान झाले तोच रात्र जागवत असे. ज्याची एकही शेळी कधी गेली नाही अशा शहरातील माणसाने पैसे देऊन, यंत्राने जखमी पिलाचा आवाज काढून, अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणीने जनावर टिपायचे, यात राखण कोठे आणि खेळ कोठे, हे मला समजत नाही. टेक्सासच्या मेंढपाळाविषयी मला काहीच म्हणायचे नाही. प्रश्न पाहुण्याचा आहे.

कुरणवाचक :

इंदापूरकर, तुमचा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात : कायोटीची संख्या, आणि कायोटीपासून होणारे नुकसान.

संख्येविषयी इतिहास बोलका आहे. विसाव्या शतकात अमेरिकन सरकारने सापळे, विष, विमानातून गोळीबार असे सारे उपाय वापरून लांडगा देशाच्या बहुतेक भागातून नाहीसा केला. तेच उपाय कायोटीवरही वापरले गेले, आणि त्याच काळात कायोटी मूळच्या पश्चिमेकडील मैदानांतून पसरत पसरत हवाई सोडून प्रत्येक राज्यात पोहोचला. संघराज्याच्या जमिनींवर शिकारी प्राण्यांसाठी विष वापरण्यास अध्यक्ष निक्सन यांनी फेब्रुवारी १९७२ मध्ये बंदी घातली, म्हणजे आपला वन्यजीव कायदा आला त्याच वर्षी. आजही कृषिखात्याची वन्यजीव सेवा दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक कायोटी मारते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी १९७५ साली गणिती प्रारूप मांडून दाखवले की, दरवर्षी ७० टक्के कायोटी मारले तरी त्यांची संख्या तग धरते, आणि ७५ टक्के मारत राहिल्यास त्यांना संपवायला पन्नासहून अधिक वर्षे लागतील. याचे कारण त्यांच्या समाजरचनेत आहे. स्थिर हद्दीत बहुधा एकच जोडी प्रजनन करते. जोडीतील एक जनावर मेले की भटके कायोटी ती जागा घेतात, तरुण माद्या लवकर वितात, आणि अन्न वाटून घेणारी तोंडे कमी झाल्याने पिले अधिक जगतात. म्हणून जानेवारीत एका रँचवर तीन कायोटी मारले, तर एप्रिल-मेमध्ये पिले जन्मतील त्या वेळी ती जमीन रिकामी असेल असे समजू नये.

नुकसानीचे गणित निराळे आहे. सर्वच कायोटी मेंढ्या मारत नाहीत. पिलांना भरवणारी प्रौढ जोडी बहुतेक कोकरे नेते. कळप विण्याच्या तोंडावर, त्या विशिष्ट कुरणातील त्या विशिष्ट जोडीला काढले तर त्या हंगामापुरता फरक पडतो, आणि येथील मेंढपाळ तेवढ्यासाठीच धडपडतो. पण सशाच्या किंकाळीला फसून येणारे जनावर बहुधा वर्षभराचे, अननुभवी पोर असते. कोकरे नेणारी म्हातारी मादी वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून तुमच्याकडे पाहत असते. तेव्हा गाइडबरोबरची रात्रीची फेरी म्हणजे परभक्षी-नियंत्रण, असे जाहिरातीत लिहिलेले असते ते फारसे मनावर घेऊ नये. ती शिकार आहे. मालकाला त्याचा राग नाही, झालाच तर थोडा उपयोग आहे, आणि गाइडचा चरितार्थ चालतो. हे मान्य करून ज्याला जायचे असेल त्याने जावे. शेळ्या वाचवायला चाललो आहोत असे स्वतःला सांगू नये.

कातडीचाही आधार आता राहिलेला नाही. उत्तरेकडील थंड प्रदेशातील कायोटीची दाट लव जाकिटांच्या टोप्यांना लावली जात असे आणि तिला चांगला भाव होता. कॅनडा गूज या कंपनीने २०२१ साली लव वापरणे बंद करण्याचे जाहीर केल्यानंतर तो बाजार बसला. टेक्सासातील जनावराची लव मुळातच विरळ. परिणामी बहुतेक ठिकाणी मेलेले कायोटी रँचच्या एका कोपऱ्यात टाकून दिले जातात. डॅलसकर, हा ढीग तुम्हाला कोणी आधी दाखवणार नाही, म्हणून सांगून ठेवतो.

एका प्रकारापासून मात्र दूर राहावे असे मी स्पष्टपणे म्हणेन. कोणाचा गट रात्रीत अधिक जनावरे मारतो याच्या बक्षिसांच्या स्पर्धा पश्चिम टेक्सासात हिवाळ्यात भरतात. व्हर्मांटने २०१८ साली आणि न्यू मेक्सिकोने २०१९ साली अशा स्पर्धांवर बंदी घातली, टेक्सासात त्या कायदेशीर आहेत. घड्याळ आणि बक्षीस डोक्यात असताना, वर डॉक्टरांनी सांगितलेली ओळख पटवण्याची सावधगिरी कितपत टिकेल, याचा विचार करावा. तुमच्या सहकाऱ्यांची फेरी अशा स्पर्धेच्या आठवड्यात तर नाही ना, हे विचारून घ्या.

डॅलसकर :

सर्वांचे मनापासून आभार. परवान्याशिवाय रायफलीला स्पर्श करायचा नाही हे पक्के ठरले आहे, आणि शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम मी आजच सुरू केला. स्पर्धा नाही, हेही विचारून खात्री केली. इंदापूरकर, तुमच्या प्रश्नाचे पूर्ण उत्तर माझ्याजवळ अजून नाही. कदाचित मी केवळ पाहणारा म्हणून जाईन. पण गेल्यावर सगळे 'आता तुमची पाळी' म्हणू लागले तर नकार देणे अवघड होईल अशी भीती वाटते. शिवाय जनावर जखमी होऊन पळाले तर गाइड काय करतो? आणि वडिलांना इतक्या थंडीत नेणे शहाणपणाचे आहे का?

पशुवैद्य_टेक्सास :

नकार जागेवर देण्यापेक्षा आधीच द्यावा. पैसे भरण्यापूर्वी गाइडला फोन करून सांगा की तुम्ही निरीक्षक म्हणून येत आहात, आणि वाटलेच तर एखादी गोळी झाडाल. त्याच फोनवर विचारा की, पाहुण्याची तयारी असतानाही त्याने गोळी झाडू दिली नाही असे अलीकडे कधी घडले आणि का. ज्याच्याजवळ असे प्रसंग आहेत तो ते लगेच आणि तपशिलाने सांगतो : मागे घराचा दिवा होता, कायोटी टेकडीच्या कडेवर उभा असल्यामुळे गोळी पलीकडे कुठे जाईल ते ठरत नव्हते, आकार ओळखू आला नाही. जो म्हणतो की माझ्याकडे पाहुणा कधी रिकाम्या हाताने जात नाही, त्याच्याकडे जाऊ नका. निरीक्षकाला काम नसते असेही नाही. दुसरी दुर्बीण मागून घ्या. गाइड समोर पाहत असताना मागची बाजू कोणीतरी पाहायला हवीच असते, आणि कुत्रे बहुधा मागूनच येतात.

जखमी जनावराविषयी विचारलेत हे बरे केलेत. गोळी लागल्यावर गाइडने यंत्र बंद करून लगेच त्या जागी जावे, थर्मलने आसपासचे गवत तपासावे, ताज्या रक्ताचे थेंब थोडा वेळ उष्ण दिसतात त्यांचा माग घ्यावा, आणि जनावर सापडले की दुसऱ्या गोळीने त्याचे हाल संपवावेत. काही गाइड पुढचा थांबा चुकेल म्हणून शोध सोडून देतात. शोधाला वेळ देणार का, हे आधी ठरवून घ्या आणि तुमच्या सहकाऱ्यांच्या समोर ठरवा. तुम्ही नेम धरणार असाल तर दिवसा उजेडी त्याच रायफलीने कागदावर सराव करून घ्या. .२२३ किंवा .२४३ मापाच्या काडतुसाच्या रायफलीचा धक्का फार नसतो, तरी पहिली गोळी जिवंत जनावरावर झाडायची नाही.

वडिलांना हृदयाचा किंवा दम्याचा त्रास नसेल तर जरूर आणा, पण पूर्ण रात्रीसाठी नको. बहुतेक गाइड मध्यरात्रीच्या सुमारास एकदा मुक्कामाच्या ठिकाणी परततात, तेथपर्यंतचे दोन-तीन थांबे त्यांना पुरे होतील. पाठ टेकता येईल अशी घडीची खुर्ची, कानटोपीवर बसणारे श्रवणरक्षक आणि थर्मासमध्ये चहा एवढे घ्या. चहा गाडीतच प्यायचा, कारण वास वाऱ्याबरोबर जातो. त्यांच्या नावाचा प्रवास-विमा मुदतीत आहे हे पाहून घ्या, आणि रँचपासून सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते आणि किती मैलांवर, हे गाइडला विचारून लिहून ठेवा. तेथे मोबाइलला रेंज नसते.